सात उधाणांची गैरहजेरी

३ ऑक्टोबर, शुक्रवार

रोज संध्याकाळी अर्धा तास पोरीजवळ बसायचं असा शाळेतल्या बाईचा हुकूम झाला आहे, म्हणून बसले आहे. नुसतं बसलं की माझे हात वळवळतात. जाळं विणायला घेईन म्हटलं तर बाई म्हणते, जाळं नको, हातात वही नाहीतर पुस्तक हवं, पोरं बघतात तेच करतात. घरात पुस्तक एकच, देवाचं, आणि ते अर्धं उंदरांनी वाचून टाकलं आहे. म्हणून ही वही. समोर नात बसून तिचं गिरवते, मी माझं गिरवते. दोन वर्षं शाळेत गेले होते, पुढचं थोडं पाद्र्यानं रविवारी शिकवलं. तेवढ्यात जे होईल ते.

आज शाळेत बोलावणं होतं. बाईचं नाव मागाली, यंदाच आली आहे, डोंगरातली आहे, आमच्या बेटावर पायांत मोजे घालून हिंडते. सोमवारी लाँचमधून उतरते तेव्हा तोंड हिरव्या केळ्यासारखं झालेलं असतं. ती म्हणाली, तुमची युलेक्सी यंदा तेहेतीस दिवस आली नाही. मी म्हटलं, खोटं आहे, सात. मी मोजलेत. ती म्हणाली तेहेतीस. मी म्हटलं, पोरगी, मी तुझ्या आईच्या वयाची आहे, माझ्याशी खोटं बोलू नकोस. तिनं हजेरीचं बुक फिरवून माझ्यासमोर ठेवलं. मी बोट ठेवून मोजलं. मे महिन्यापासून सात ठिकाणी शून्यांचा पुंजका होता. कुठे चार, कुठे पाच, कुठे सहा.

मग समजलं की खोटं कुणीच बोलत नव्हतं. मी उधाणं मोजली होती. आम्ही तसंच मोजतो. बाळंतपणाला किती उधाणं राहिली, छप्पर शाकारून किती उधाणं झाली. पाच दिवस राहिलेला ताप एकच असतो, तसं उधाण एकच असतं. ते बाईला सांगितलं, तर ती विचारते, उधाण म्हणजे नक्की कधी? एवढी शिकलेली बाई. मग तिला सांगितलं की अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, सकाळी नऊ-दहाला तिवरांखालचा चिखल उघडा पडतो, तेव्हाच काळ्या शिंपल्या हाताला लागतात. मधल्या भांगाच्या दिवसांत पाणी धड उतरत नाही, तेव्हा जाऊन उपयोग नाही. तिनं ते सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, आणखी आठाहून जास्त दिवस बुडाले तर मला तिला तिसरीतच ठेवावं लागेल, माझ्या हातात काही राहणार नाही.

अर्धा तास झाला. हात दुखला.

६ ऑक्टोबर, सोमवार

काल मारितसाचा फोन आला. धक्क्याच्या अगदी टोकाला उभं राहिलं तरच आवाज येतो, म्हणून सगळ्या बेटाला माझं घरचं ऐकू जातं. मारितसा माझी मुलगी, युलेची आई. ग्वायाकिल शहरात एका घरी कामाला आहे, तिथंच राहते, वर्षातून दोनदा येते. बाईनं तिलाही कळवलं आहे. आगाऊ बाई.

मारितसा ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते. ती शांतपणे म्हणाली, "आई, ती नापास झाली तर मी तिला इकडे आणणार. मालकीण मागची खोली द्यायला तयार आहे."

मी विचारलं, आणि तू कामाला असताना तिला कोण बघणार? ती म्हणाली, बसेल स्वयंपाकघरात. मला माहीत आहे ते बसणं. आज बसेल, उद्या भांडी पुसेल, परवा फरशी. मी फोन बंद केला. माझी जुनी मैत्रीण पेतिता मागे मासे साफ करत उभी होती, म्हणते, काय झालं गं? जसं काही तिनं ऐकलंच नाही.

युले चार वर्षांची असल्यापासून माझ्याकडे आहे. माझ्याच पलंगावर झोपते, लाथा मारते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काल उधाण लागलं. आज मी पोरीला नेलं. बाईला काय सांगायचं ते सांगेन. लहान हात मुळांच्या आत जातो तिथं माझा जात नाही, हे बाईला कसं कळणार, तिच्या गावात बटाटे उगवतात.

सकाळी सहाला नारळाचं सोडण पेटवून होडीत ठेवलं, डासांसाठी धूर हवाच. त्या वासानं मला दर वेळी माझी आई आठवते, सेकुंदिना. ती पुढे बसायची, मी मागे, मधे ते धुमसणारं सोडण. ती चिखलात कोपरापर्यंत हात घालायची आणि बघायची मात्र वर, आभाळाकडे, जसं काही हात तिचा नाहीच. मी विचारायचे, तुला दिसतं कसं? ती म्हणायची, मला नाही दिसत, हाताला दिसतं. माझ्यामागून मारितसा आली. नऊ वर्षांची असताना एका उधाणात दोनशे शिंपल्या काढायची. तिचा हात आईसारखाच होता. शाळेत तिचं मन नव्हतं, चौथीतच सोडली तिनं. आम्ही तिघी एका होडीत असायचो तेव्हा गाणं एकीनं धरायचं, दुसरीनं ओढायचं, आणि तिवरं अशी गप्प उभी राहायची की वाटायचं ऐकताहेत.

युले गात नाही, बोलते. सगळा वेळ बोलते. खेकड्याला विचारते तुझं लग्न झालं का. आज तिनं चाळीस काढल्या, त्यातल्या वीस मी परत चिखलात टाकायला लावल्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्याही नव्हत्या. माझ्या साठ.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आजही नेली. काल नेलीच होती, मग आज काय. आठातले सहा दिवस उरले. ती होडीत म्हणाली, आज बाई नकाशा काढायला शिकवणार होती. मी म्हटलं, हे बघ, हा नकाशा, समोर आहे. 

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पालकसभा झाली. एरवी पालकसभेला पाच बायका आणि एक कुत्रं असतं. आज बाईनं प्रत्येक घरी स्वतः जाऊन बोलावलं, मोजे चिखलात माखवून, म्हणून सगळी आली. तिनं फळ्यावर वर्षाचे महिने काढले आणि प्रत्येक अमावास्येला, पौर्णिमेला खडूचा गोल. गोलांच्या आजूबाजूला वर्ग रिकामा. एकटी युलेच नाही, अकरा पोरं. मला जरा बरं वाटलं, उगाच का खोटं बोला.

मग जी ती सांगू लागली. पोरांना घरी कुणाजवळ ठेवायचं? पुरुष मासेमारीला पहाटेच गेलेले असतात. आम्ही सहाला निघतो, शाळा साडेसातला. दार लोटून गेलं की पोरं शाळेत जातात का? होड्यांमागे पोहत येतात. पेतिताचा नवरा म्हणाला, शाळाच दुपारी भरवा. बाई म्हणाली, तसं वर लिहून विचारलं होतं, नाही म्हणाले.

मला इतका राग आला होता की मी उभी राहिले. म्हटलं, एखादीचं छप्पर घालायचं असलं की सावड करतो ना आपण? आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. एखादी बाळंत झाली की तिच्या वाट्याच्या शिंपल्या कोण काढतं? मग उधाणाच्या दिवशी एकीनं मागे राहावं. सगळ्यांची पोरं उठवावी, खाऊ घालावं, शाळेत हाकावं, आणि शाळेतच बसावं, नाहीतर खिडकीतून पळतील. बाकीच्यांनी परत आल्यावर आपापल्या टोपलीतून तिला दोन-दोन डझन द्यावे.

मी हे बाईचं तोंड बंद करायला बोलले होते. सगळ्या हो म्हणाल्या. पेतिता माझी कोमाद्रे आहे, म्हणजे मारितसाच्या बाप्तिस्म्याला तिला हिनंच धरलं होतं, तिनं सगळ्यांदेखत विचारलं, "दिग्ना, तुझी पाळी कधी?" मी म्हटलं, शेवटी. चिठ्ठ्या टाकल्या. माझी दुसरी निघाली.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अमावास्येचं उधाण. पहिली पाळी पेतिताची. मी एकटी गेले.

शिंपल्या एकशे सव्वीस मिळाल्या. पोरगी बरोबर असताना इतक्या कधी मिळत नाहीत. नशीब असतं एकेका दिवसाचं.

पाणी चढायच्या आधीच परतले. कंबर दुखत होती. तिथं इतकं शांत असतं हे माझ्या लक्षात नव्हतं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी पाळी. सकाळी अकरा पोरं, अकरा तऱ्हा. एकाला चप्पल सापडेना, एकीला केळ्याचा गोळा नको, भात हवा. मी म्हटलं भात तुझ्या बापाच्या घरी. ती म्हणाली, हे बापाचंच घर आहे. खरं होतं.

शाळेत मला मागच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले. ही तीच शाळा, जागा तीच, फक्त तेव्हा खांबांवर होती, खालून पाणी जायचं. भरतीला फळ्यांच्या फटींतून लाटा दिसायच्या आणि आमचे मास्तर म्हणायचे, खाली बघू नका, बोट लागेल. मला ती शाळा फार आवडायची. खडूचा वास आवडायचा. मास्तर माझी पाटी वर धरून सगळ्यांना दाखवायचे, दिग्नाच्या अक्षराचा प्रत्येक दाणा बघा म्हणायचे. मग दुसरीनंतर नाही गेले. का नाही गेले ते असं एका दिवशी ठरलं नव्हतं. आई म्हणायची, दिग्ना ढ आहे, हिला सातचा पाढा येत नाही. खरंच येत नव्हता. आज पण येत नाही. सहाचा येतो, आठचा येतो.

बाईनं पाढे घेतले. युले उभी राहिली. दोन, तीन खडाखड म्हणाली. चार आणि पाच मुळीच नाही. सहा परत खडाखड. माझ्या तोंडून निघून गेलं, हे काय, मधले दोन दात पडले का? पोरं हसली. युलेनं खाली बघितलं. मला वाईट वाटलं.

सुट्टीत बाईला विचारलं, तर तिनं तिची वही काढली. चारचा आणि पाचचा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवला होता. मी मनात मोजलं. ऑगस्टची पौर्णिमा. बाई मला मानानं दोन्या म्हणते. म्हणाली, पोरगी हुशार आहे, दोन्या दिग्ना, तिच्यात नुसती भोकं आहेत.

दुपारी बायकांनी आणून माझ्यासमोर डझनावारी शिंपल्या ओतल्या. बसल्या जागी. लाज वाटली. मग नारळाच्या रसात केल्या आणि बाईला एक वाडगा पाठवला. तिनं वाडगा धुऊन त्यात दोन बटाटे घालून परत केला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चारचा पाढा झाला. मी शिकवला नाही. ती म्हणत होती, मी इथं बसून लिहीत होते, आणि ती चुकली की मला कळायचं कारण मी आठचा अर्धा करत होते. बाई म्हणते घरी शिकवता वाटतं. मी म्हटलं छे, मी नुसती बसते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पूर्ण आठवडा युले तापानं फणफणली. सोमवार ते शुक्रवार. कडू पाल्याचा रस पाजला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या. आज घाम आला आणि तिनं केळं मागितलं, तेव्हा मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले आणि बराच वेळ तिथंच बसले.

मग आठवलं. सहातले पाच गेले. एक उरला.

बाईकडे सांगायला निघाले होते की ताप एकच होता, एकच धरा. अर्ध्या फळीपुलावरून परत आले. काय म्हणाली असती ती. तीच संध्याकाळी आली, मोज्यांशिवाय, युलेच्या पाच दिवसांच्या अभ्यासाची पानं घेऊन. बुकात तिला लिहावंच लागतं, म्हणाली. मी म्हटलं, लिही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

बाळ येशूची गाणी झाली, ढोल-खुळखुळे दोन दिवस चालू होते. मारितसाला सुट्टी मिळाली नाही. गाण्यांत तिची जागा मोकळी राहिली, म्हणजे मलाच तशी दिसली. ती नऊ-दहा वर्षांची असताना सगळ्यांत पुढे असायची, पांढरा झगा, हातात फुलं, आणि तिचा आवाज धक्क्यापर्यंत जायचा. तेव्हा बेटावर वीज नव्हती, लाँच आठवड्यातून एकदा यायची, आणि कुणी कुठं जायचं नाही. पेतिता म्हणते, तेव्हा दातही नव्हते गं, वयाच्या तिशीत पडायचे. तिला काही म्हणून जुनं आवडत नाही.

फोनवर युलेनं आईला गोष्ट वाचून दाखवली. अडखळत, पण पूर्ण. मी वाऱ्याला पाठ करून तिच्यापुढे उभी राहिले, पानं उडू नयेत म्हणून.   संपल्यावर मारितसा म्हणाली, परत वाच.

२१ जानेवारी, बुधवार



उधाणाचा दिवस, पाळी पेतिताची. मी पोरीला जेवायला घालून तिच्याकडे सोडलं, घरून सोडण पेटवून आणलं आणि निघाले. ओहोटीबरोबर होडी आपोआप जाते, मला फार मारावं लागलं नाही. खाडीच्या तोंडापर्यंत आले आणि होडीच्या पुढच्या टोकाला ताडपत्री हलली. मला वाटलं उंदीर. वल्हं उगारलं, तर खाली युले. शाळेच्या कपड्यांत, वर माझे जुने बूट.

मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, एक दिवस उरलाय ना, तो वापरते. मी म्हटलं, तो वापरायचा नसतो, मूर्ख पोरी, तो ठेवायचा असतो. अजून तीन आठवडे शाळा आहे, उद्या परत ताप आला तर? तुझी आई तुला घेऊन जाईल. हे मी तिला आजवर सांगितलं नव्हतं. तिला माहीत होतं. सगळ्या बेटाला माहीत आहे.

मग ती म्हणाली, "आज्जी, तू तिकडं एकटीच बोलत असतेस. पेतिता आज्जी हसत होती. खेकड्यांना विचारतेस म्हणे, लग्न झालं का. मी आले तर माझ्याशी बोलशील."

पेतिताची जीभ झडो. मी कुणाशी बोलत नाही. कधी एखादा शब्द तोंडून जातो, तो काय, माणूस आहे. मी पोरीला एक धपाटा घातला, हळूच, आणि होडी वळवली.

ओहोटीच्या उलट वल्हवणं म्हणजे भिंत ढकलणं. बाकीच्या होड्या समोरून येत होत्या, बायका ओरडत होत्या, दिग्ना, चिखल इकडे आहे. मी वल्हं मारत राहिले. शाळेच्या बाजूच्या फाट्यात शिरले तर पाणी संपलेलं. होडी चिखलात बसली. समोर शाळा दिसते आहे, मधे दोनशे पावलं चिखल. म्हटलं चढ पाठीवर. ती आता लहान नाही. मांडीपर्यंत रुतत होते, एक बूट गेला, तो शोधायला थांबले नाही. ती माझ्या कानात म्हणत होती, आज्जी मला उतरव, मी चालते. मी म्हटलं गप्प बस, पाचचा पाढा म्हण. तिनं म्हटला. मग सहाचा. मग सातचा म्हणाली, आणि मी पावलं टाकताना तिच्यामागे म्हटला, दोनदा.

दारात पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. पेतिता कोपऱ्यात बसलेली, हातांआड तोंड लपवून. तिला वाटलं होतं पोरगी मीच नेली, म्हणून बाईला काही सांगितलं नव्हतं. बाईनं हजेरी घेऊन बुक मिटलं होतं. युलेच्या नावापुढे शून्य पडलेलं असणार. मी तिला पाठीवरून उतरवलं. कमरेपर्यंत चिखल, एका पायात बूट. 

बाईनं माझ्याकडे बघितलं, खिडकीतून होडीकडे बघितलं. मग सभेतले ते अमावास्या-पौर्णिमेचे गोल तिनं कागदावर उतरवून खिडकीच्या भिंतीवर लावले होते, त्यांच्याकडे. मग बुक उघडलं आणि शून्याच्या बाजूला काहीतरी लिहिलं.

"उशीर झाला म्हणजे गैरहजर नाही," ती म्हणाली. "बस, युलेक्सी."

घरी यायला परत भरती येईपर्यंत थांबावं लागलं. मागच्या बाकावर थांबले. दिवस बुडाला, एक शिंपली नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल.

मारितसा सकाळच्या लाँचनं आली. बारीक झाली आहे. हातांची कातडी साबणानं पांढरी पडली आहे, तिचे हात कधी असे नव्हते. युले तिच्या गळ्यात पडली नाही, आधी लाजली, मग हाताला धरून शाळेत घेऊन गेली.

बाईनं एकेकाचं नाव घेतलं. युलेक्सी चौथीत गेली. कागद बाईनं माझ्याकडे दिला, मी मारितसाकडे दिला, मारितसानं युलेकडे दिला, वाच म्हणाली. युलेनं सगळा वाचला, विषय आणि गुण आणि खालचा शेरा, कुठंही न थांबता. गैरहजेरी चाळीस. शेवटी बाईनं हातानं लिहिलं होतं, घरी रोज अभ्यासाला बसवले जाते. मी म्हटलं मी नुसती बसत होते. कुणी ऐकलं नाही.

मारितसा म्हणाली, मी बोलले होते तसं करते, ती इथंच राहू दे. मी म्हटलं बरं. 

हे दुपारचं. आता पुढचं लिहिते, कारण उद्या लिहीन म्हटलं तर लिहिणार नाही.

संध्याकाळी युले तिचं पुस्तक घेऊन बसली, सवय झाली आहे. मी ही वही घेतली. मारितसा पायरीवर बसून नारळ खवत होती आणि आमच्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, आई, रोज अशा बसता? मी म्हटलं, अर्धा तास, कधी जास्त. तिनं खवणं थांबवलं.

"माझ्या वेळी का नाही बसलीस?"

मी म्हटलं, तेव्हा कुणी सांगितलं नाही. आणि तुझं मन नव्हतं शाळेत, तुला चिखलच आवडायचा.

ती म्हणाली, "सांगितलं होतं. मास्तर घरी आले होते, दोनदा. म्हणाले, पोरीला उधाणात नेऊ नका, हिला पुढं शिकवा. मी घराखाली खांबाशी बसून सगळं ऐकत होते. तू त्यांना शंभर शिंपल्या बांधून दिल्यास आणि म्हणालीस, हिच्याशिवाय मला करमत नाही."

ती रागानं बोलली नाही. मला आठवत नव्हतं. मग आठवलं. मास्तरांचा पांढरा सदरा, शिंपल्यांच्या पिशवीतून पाणी गळत होतं आणि ते ती अंगापासून लांब धरून पुलावरून गेले. मला तेव्हा वाटलं होतं, किती खूश झाले.

मारितसा परत खवायला लागली. युले वाचत होती. मी वहीत बघत राहिले, लिहिलं काही नाही.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मारितसा गेली. कार्निव्हालला मालकिणीकडे पाहुणे आहेत, सुट्टी एवढीच होती.

धक्क्यावर आम्ही तिघी उभ्या होतो. काल दिवसभर मी ठरवत होते काय बोलायचं ते. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर छत्री घेतलीस का. ती म्हणाली घेतली. मग पिशवी नीट बांधली का. बांधली. वरून पाऊस भुरभुरत होता. ती युलेला म्हणाली, रविवारी फोनवर नवीन गोष्ट वाच, आणि माझ्या गालाला गाल लावून लाँचमध्ये उतरली.

नावाड्यानं दोर सोडला. लाँच मागे सरली, वळली. ती मागच्या फळीवर बसली होती, तोंड आमच्याकडे. तेव्हा मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, सगळ्या धक्क्यानं ऐकलं असेल, पेतितानं तर नक्की. मारितसा, चुकलं माझं. तुला मीच नेलं चिखलात, मला एकटीला जायचं नव्हतं म्हणून.

इंजिन चालू झालं होतं. तिनं हात वर केला. निरोपाला केला की ऐकू आलं म्हणून केला, ते इतक्या लांबून कळलं नाही.